मांडीवरचं तिकीट

६ फेब्रुवारी

सौ. वन्सं यांना नमस्कार.

मी तुमच्या धाकट्या भावाची बायको. आपण एकमेकींना पाहिलेलं नाही. माझं लग्न झालं तेव्हा तुम्ही तिकडे समुद्राकाठी निघून गेला होतात. घरात तुमचं नाव निघालं की सासूबाई उठून आत जातात, त्यामुळे मला तुमच्याबद्दल फार माहीत नाही. पत्ता यांच्या एका जुन्या पाकिटावर मिळाला. मी चौथीपर्यंत शिकले, तेव्हा अक्षराला हसू नका.

फोन का केला नाही असं वाटेल तुम्हाला. घरात फोन एकच, तो थोरल्या भावजींचा. रविवारी यांचा फोन आला की भावजी तो टेबलावर ठेवून स्पीकर लावतात. सासूबाई एका बाजूला, भावजी दुसऱ्या बाजूला. शेजारीण विळी परत करायला आली असेल तर तीही बसते. अशा सभेत मी नवऱ्याला काय विचारणार? जेवलात का. हो. बरं आहे ना. हो. झालं बोलून.

आता मुद्द्याचं. आमची भिंगरी हे तिकडे गेल्यावर झाली. २ जूनला तिला दोन वर्षं पुरी होतील. बापाने अजून तिला कडेवर घेतलेलं नाही. आमची दोघींची कागदपत्रं गेल्या वर्षीच झाली, पासपोर्ट, तिकडे राहायची परवानगी, सगळं. ते सासूबाईंच्या कपाटात पडून आहे. मी दर रविवारी विचारते कधी येऊ. हे म्हणतात तिकीट फार महाग झालंय, थांब जरा. भावजीही तेच म्हणतात. सुट्ट्या संपू देत म्हणाले, थांबले. नवीन वर्ष लागू दे म्हणाले, थांबले.

मी शर्टांना काज-बटणं करते आणि ओव्हरलॉक मारते, घरीच. ज्यांच्या कारखान्याचं काम आणते त्या मालकीणबाईंनी मला एक गोष्ट सांगितली. दोन वर्षांच्या आतलं मूल विमानात आईच्या मांडीवर बसून जातं, त्याचं भाडं अगदी नावाला. दोन वर्षं झाली की त्याला स्वतःची खुर्ची लागते आणि तिचे जवळजवळ मोठ्या माणसाएवढे पैसे. म्हणजे जूनच्या आत गेलो तर गेलो. नाहीतर आमचं थांबणं कधी संपायचंच नाही.

मी भित्री आहे वन्सं. सरकत्या जिन्यालासुद्धा घाबरते. पण भाडं खरंच किती आहे तेवढं तरी मला कळू द्या. तुम्ही तिथे आहात, चौकशी करून लिहा. पत्र कारखान्याच्या पत्त्यावर पाठवा, खाली दिला आहे.

तुमची वहिनी


१९ फेब्रुवारी

वहिनी,

पहिली गोष्ट, माझ्या नावाआधी सौ. लावू नकोस. ते मी येतानाच उतरवून ठेवलं. आणि वन्सं म्हणू नकोस, मला मी साठीची असल्यासारखं वाटतं. ताई म्हण.

भाड्याचं म्हणशील तर महाग आहे. फार महाग. तुझा नवरा सांगतो ते खरं आहे. आणि नुसतं भाडं नाही. दोन विमानं बदलायची, मध्ये अनोळखी ठिकाणी बसून राहायचं, वर अंगावर पिणारं पोर. मी एकटी आले होते तरी उतरल्यावर बाहेरचं दार सापडेना. तुला सरकता जिना जमत नाही, इथे तर विमानतळावर चालायची जमीनसुद्धा सरकते.

मी इथे एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात आहे. दिवसभर चादरी. वाफेने हात असे झालेत की माझेच मला ओळखू येत नाहीत. इथे येऊन कोणी राणी होत नाही, एवढं लक्षात ठेव.

त्याची काळजी करू नकोस. तो बरा आहे. हल्ली माझ्याकडेच जेवतो. संध्याकाळी खिडकीत बसून जहाजं बघत असतो. भिंगरीचा फोटो त्याने आरशाच्या चौकटीत खोचलाय, त्यामुळे मला अर्धंच तोंड दिसतं.

तर थांब. घाई करू नकोस.

ताई


४ मार्च

ताई,

तुमचं पत्र मिळालं. वाचून मी कारखान्याच्या पायरीवर बसले, मग पुन्हा वाचलं.

त्यानंतर मी एक काम केलं. बाजारात चष्म्याच्या दुकानावर विमानाची तिकिटं काढून देतात. दोनदा जिन्याच्या अर्ध्यावरून परत फिरले. तिसऱ्यांदा भिंगरीने खाली यायचंच नाही म्हणून भोकाड पसरलं, तिला पायऱ्या चढायला आवडतात. म्हणून वर गेले.

आत एक बाई होत्या. सर्दीने नाक लाल झालेलं, समोर डबा उघडा. कुठे जायचंय म्हणाल्या. मी शहर सांगितलं. कधी? मी म्हटलं, ज्या दिवशी सगळ्यात स्वस्त असेल त्या दिवशी. त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, लोक आधी तारीख सांगतात आणि मग भाडं ऐकून माझ्यावर ओरडतात, तुम्हीच पहिल्या अशा भेटलात. मग त्यांनी ती पडद्याची पाटी माझ्याकडे फिरवली.

ताई, त्यात अख्खं कॅलेंडर असतं. प्रत्येक तारखेखाली भाडं. महाग ते लाल, स्वस्त ते हिरवं. सुट्ट्यांचे दिवस सगळे लालभडक. पण मे महिन्यात मधल्या वारी हिरव्या तारखा होत्या. सरळ जाणारं विमान बघूच नका म्हणाल्या. मधल्या थांब्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायची तयारी असेल तर आणखी उतरतं. मी म्हटलं, मला बसायची सवय आहे, दोन वर्षं बसलेच आहे. आणि एक गंमत ऐका. नुसतं जायचं तिकीट महाग आणि जाऊन परत यायचं स्वस्त. असं कसं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, ते कंपनीलाच माहीत, मी सर्दीने बेजार आहे, मला विचारू नका.

मी त्यांना स्पष्ट विचारलं, मागच्या वर्षभरात भाडं फार वर गेलं होतं का? त्या म्हणाल्या, सुट्ट्या सोडल्या तर नाही. गेल्या सप्टेंबरात तर याहून कमी होतं.

ताई, तिकीट महाग आहे असं मला तिघांनी सांगितलं. बघायला मात्र मी एकटीच गेले.

आता दुसरं. हे मला फोनवर सांगतात, दुपारी गोदीत जातो, जहाजाच्या अंगाचा गंज खरवडतो आणि अंधार पडल्यावर सुटतो. मग संध्याकाळी तुमच्या खिडकीत कोण बसतं?

मी भित्री आहे पण आंधळी नाही. दुसरं घर केलंय का त्यांनी? तसं असेल तर तसं लिहा. आणखी काही असेल तर ते लिहा. मी इथे पोरीला घेऊन काहीतरी गृहीत धरून जगतेय. निदान ते खरं तरी असू दे.

वहिनी


१७ मार्च

वहिनी,

दुसरं घर वगैरे काही नाही. त्याला एकच घर नीट उभं करता येत नाहीये.

नोव्हेंबरात तो पडला. जहाजाच्या कडेला दोरांवर फळी सोडतात, तिच्यावर उभं राहून खरवडायचं असतं. फळीची एक बाजू सुटली. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. आत सळी घातली आहे. ठेकेदाराने दवाखान्याचं केलं आणि मग फोन उचलायचा बंद केला. तेव्हापासून तो माझ्या खोलीत आहे. धुलाईखान्याच्या वर एक खोली, एक पलंग. तो पलंगावर, मी खाली. कुबडी घेऊन दारापर्यंत जातो, जिना उतरत नाही. उतरू शकतो, डॉक्टर म्हणाले उतर. हा नाही म्हणतो.

रविवारी फोन करायच्या आधी दाढी करतो. त्या फोनला तोंड दिसत नाही, हे मी त्याला कितीदा सांगितलं. मग गोदीच्या गोष्टी रचून सांगतो, आज एवढं मोठं जहाज आलं, मुकादम असं म्हणाला. मी भांडी घासत ऐकते आणि मला कपाळ आपटून घ्यावंसं वाटतं.

आईला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली. मोठ्याला कळवलंय, पण त्यालाही हेच, तिकीट महाग आहे एवढंच सांगा. तुझ्याबद्दल म्हणाला, ती सोशिक आहे, थांबेल. पडायच्या आधी म्हणायचा दोन खोल्या मिळाल्या की बोलावतो. आता म्हणतो दोन पाय झाले की बोलावतो.

तुला खोटं लिहिलं त्याचं वाईट वाटतं. पण येऊ नकोस हे मी माझ्याही मनाने सांगतेय. मी एकेरी तिकीट काढून आले तेव्हा माझ्या कडेवर कोणी नव्हतं. उपाशी राहिले तर मी एकटी राहत होते. तू येशील आणि बघशील काय? एक खोली, एक लंगडा आणि एक तुसडी नणंद.

ताई


३१ मार्च

ताई,

सोशिक म्हणाले ना ते. तो शब्द मी दिवसभर तोंडात घोळवला. शेवटी रात्रीची भांडी विसळताना मला त्याचा असा राग आला की एक पेला फुटला.

रडले नाही असं नाही. पाय मोडल्याचं वाचून रडले. पण चार महिने तो माणूस एकटा खिडकीत बसतो आणि मी इथे जेवलात का विचारते, याचा राग जास्त आला.

मी मशीन विकलं. ओव्हरलॉकचं. मालकीणबाईंनीच घेतलं, त्यांना हवंच होतं. ते मी लग्नाआधी माझ्या कामाच्या पैशातून घेतलं होतं, त्यामुळे कोणाला विचारायचा प्रश्न नव्हता. उचलून नेलं तेव्हा त्याच्या जागी फरशीवर चार पायांचे डाग राहिले. भिंगरी त्या डागांवर उड्या मारते.

आणि तिकीट काढलं. पासपोर्टच्या झेरॉक्स माझ्या ट्रंकेत होत्या, त्यावर झालं. १० मेला निघायचं, ३१ मेला परतीचं. मध्ये दिवसभराचा थांबा. भिंगरी माझ्या मांडीवर. त्या सर्दीवाल्या बाईंनी एक चूक होता होता वाचवली. मी परतीची तारीख जूनमधली सांगितली होती, ती आणखी स्वस्त होती. त्यांनी भिंगरीची जन्मतारीख बघितली आणि हात थांबवला. म्हणाल्या, परत येताना ती दोन वर्षांची झालेली असेल, मग परतीला तिची खुर्ची घ्यावी लागेल. म्हणून ३१ मे.

काल घरी सांगितलं. तिकीट भावजींच्या समोर ठेवलं आणि हात पदराखाली घेतले. भावजी आधी लाल झाले, मग म्हणाले, मशीन विकायचं तुला कोणी सांगितलं? मी म्हटलं, मशीनच म्हणत होतं, विक. हे कसं तोंडातून गेलं मला माहीत नाही. आजवर मी त्यांच्यासमोर खुर्चीवर बसलेली नाही.

मग त्यांनी डोकं चालवलं. म्हणाले, जा तू. भेटून ये. पोर इथे राहील, म्हणजे तूही परत येशील. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, एवढं लहान पोर एवढ्या लांब कशाला, राहू दे तिला. पासपोर्ट त्यांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या कमरेला. मी भिंगरीला सोडून जाणार नाही. ती राहिली तर मीही राहिले आणि मग सगळं संपलं.

मला सारखी भीती वाटते ताई. पण घरात बसून घाबरले तरी भीती तेवढीच राहते, हे मी बघितलंय. मग घाबरत घाबरत निघालेलं काय वाईट?

एक विचारायचं होतं. तुमच्याकडे हॉटेलच्या एवढ्या चादरी येतात, त्या उसवत, फाटत असतील. त्या कोण शिवतं?

यांना सांगू नका मी येतेय. सांगितलंत तर ते दाढी करून बसतील.

वहिनी


१३ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र वाचलं आणि आधी अभिमान वाटला. मग तारखा पुन्हा बघितल्या. १० मे ते ३१ मे. तीन आठवडे.

तीन आठवड्यांसाठी येतेस? पाहुणी म्हणून? त्याला बघणार, डोळे पुसणार, पोरगी त्याच्या मांडीवर देणार, ती त्याला बाबा म्हणायला लागली की उचलून घेऊन जाणार. तू गेल्यावर त्याला मी सांभाळायचं. तुझ्यासमोर तो हसेल, मागे मी आहे. असं यायचं असेल तर येऊच नकोस. मशीन विकून सहल काढतेस आणि मला वाटलं ही पोरगी धीट निघाली.

चादरींचं विचारलंस. शिवायला माणूस लागतो, मुकादमीण कधीची शोधतेय. पण तीन आठवडे टिकणाऱ्या बाईला कोण कामावर ठेवेल?

मी आले तेव्हा परतीचं तिकीट काढलं नव्हतं. ज्याला मागचं दार उघडं असतं, तो पुढच्या दाराला नुसता हात लावून जातो.

आता दुसऱ्या पानावर कामाचं लिहिते, कारण तू येणारच असशील तर पोरीचे हाल होऊ नयेत. विमान वर चढताना आणि खाली उतरताना तिला पाजत राहा, नाहीतर कान दुखून किंचाळते. जाडजूड स्वेटर हातात ठेव, आत गारठा असतो. थांब्यावर सामानाचं विचारशील तर ते आपोआप पुढे येतं, घाबरून शोधत बसू नकोस. सरकती जमीन दिसली तर बाजूने साधी वाट असते.

त्याचा पाय तसाच. सळी घातलेल्या जागी सूज येते. काल जिन्याच्या दोन पायऱ्या उतरला आणि पुन्हा वर आला. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा. मी बघितलं नाही असं केलं.

ताई


२७ एप्रिल

ताई,

तुमचं पत्र भावजींनी वाचलं. मोठ्याने. सगळ्यांसमोर.

मशीन गेल्यापासून मी कारखान्यात जात नाही हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मालकीणबाईंनी पत्र गठ्ठे पोचवणाऱ्या गाडीवाल्याकडे दिलं, त्याने दारात उभ्या असलेल्या भावजींच्या हातात ठेवलं. मी आत भिंगरीला न्हाऊ घालत होते. बाहेर आले तर भावजी पाकीट फोडून बसलेले, सासूबाई समोर. भिंगरी ओल्या अंगाने कडेवर, तिला पुसायचंही सुचेना.

भावजी वाचू लागले. पाहुणी, सहल, तीन आठवडे. जसजसे वाचत गेले तसतसा त्यांचा चेहरा खुलत गेला. शेवटी म्हणाले, बघा, ही खरंच परत येणार आहे, हिच्या नणंदेलाच त्याचा राग आलाय. मला उगाच वाटत होतं काहीतरी डाव आहे. तुम्ही रागावलात म्हणून त्यांचा विश्वास बसला ताई. तुमच्या शिव्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

दुसरं पान मात्र त्यांनी वाचलं नाही. मनात वाचलं आणि घडी करून खिशात घातलं.

सासूबाई म्हणाल्या, "दुसरं पान दे."

भावजी म्हणाले त्यात काही नाही, प्रवासाचं आहे.

"माझ्या लेकीने लिहिलंय. दे इकडे."

लेक म्हणाल्या तुम्हाला. माझ्या लग्नापासून मी पहिल्यांदा ऐकलं. पान घेतलं, खिडकीपाशी गेल्या, चष्मा लावला. खूप वेळ लागला त्यांना. एवढ्याशा पानाला एवढा वेळ का लागतो ते मला कळत होतं. पाय, सळी, दोन पायऱ्या. मग भावजींना म्हणाल्या, तुला माहीत होतं? भावजींनी फोन उचलला आणि उगाच त्यात बघत बसले. त्या रडल्या नाहीत. फक्त तुमच्या अक्षरावर एकदा बोट फिरवलं आणि म्हणाल्या, अजून तिरकंच काढते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर दोन पासपोर्ट, भिंगरीचा जन्मदाखला आणि तिचं लसीचं कार्ड. वर सांडशी ठेवलेली, उडू नये म्हणून. भावजी उठले आणि बघून म्हणाले, पोरीचा पासपोर्ट आत ठेवा, पोर इथे राहणार असं ठरलंय.

सासूबाई दूध गाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पोर मांडीवरची आहे. मांडी जाईल तिकडे पोर जाईल."

भावजी म्हणाले, आणि परत नाही आली तर? सासूबाई म्हणाल्या, परतीचं तिकीट आहे ना, तारीख छापलेली आहे ना, पोरीच्या वाढदिवसाला घरी असतील, आता चहा घे. भावजींनी चहा घेतला.

मला सासूबाईंकडे बघायचं धाडस झालं नाही.

तुमच्या रागाचं उत्तर मी कागदावर देत नाही. आमच्या घरात कागद कोणीही उघडतं. एवढंच सांगते, परतीचं तिकीट मी काढलं कारण ते स्वस्त पडलं. बाकी समोरासमोर.

मुकादमीणबाईंना सांगा एक बाई येतेय, तिचा टाका बघून मग ठरवा.

वहिनी


३१ मे

ती. सासूबाईंना नमस्कार.

हे पत्र मालकीणबाईंकडे पाठवतेय. त्या फक्त तुमच्या हातात देतील, तसं त्यांनी कबूल केलंय.

विमान वर चढताना मी डोळे मिटून भिंगरीला इतकं घट्ट धरलं की तिनेच मला ढकललं. ताईंनी सांगितलं तसं पाजत राहिले. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना भिंगरीने लाथा मारल्या, त्यांचा चष्मा ओढला, आणि ते उतरताना तिलाच टाटा करत होते. थांब्यावर दिवसभर बसले. सरकती जमीन आली. बाजूची साधी वाट शोधली तर ती दुरुस्तीला बंद. मग घेतला पाय टाकून. काही झालं नाही. भिंगरीला इतकं आवडलं की आम्ही परत जाऊन पुन्हा एकदा सरकलो. आमच्याकडे वेळच वेळ होता.

हे विमानतळावर आले होते. ताईंना राहवलं नाही, त्यांनी सांगून टाकलं होतं. दाढी केलेली होती. एका खांबाच्या मागे उभे होते, कुबडी दिसू नये म्हणून, आणि कुबडीच तेवढी बाहेर दिसत होती. मला रागवायचं होतं, पत्रात ठरवून ठेवलेलं सगळं बोलायचं होतं. पण भिंगरीने त्यांना बघून आधी माझ्या मानेत तोंड लपवलं आणि मग उतरून ती कुबडी दोन्ही हातांनी धरली. सोडेचना. हे म्हणाले, अगं पडेन मी. मी म्हटलं, पडा, आता उचलायला माणसं आहेत.

जिना आता रोज उतरतात. भिंगरी पुढे उतरते आणि खालून ओरडते, त्यांना जावंच लागतं. गोदीत पुन्हा नाही जाता येणार. खाली धुलाईखान्याच्या खिडकीशी बसून कपड्यांना नंबराच्या पट्ट्या लावायचं काम आहे, ते विचारून ठेवलंय. त्यांना कमीपणा वाटतो. वाटू दे, पगार तर येईल.

मी चादरी शिवते. मुकादमीणबाईंनी टाका बघितला आणि मोठा गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

ताई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी सामानाची पेटी रिकामी करून पलंगाखाली आडवी टाकली आणि तिच्यात भिंगरीचे कपडे लावले. ते बघून त्यांनी खाली माझ्यासाठी दुसरी सतरंजी घातली. आता पलंगावर हे आणि भिंगरी, खाली आम्ही दोघी नणंदा-भावजया. त्या घोरतात.

आता तुम्हाला सांगायचं ते सांगते. आज ३१ मे. आमचं विमान सकाळी गेलं. हे कालपासून मागे लागले होते, जा, इथे तुमचे हाल होतील, तिकीट वाया जाईल. मी म्हटलं, "स्वस्त पडली म्हणून घेतलेली वस्तू वापरलीच पाहिजे असं नाही."

मी तुम्हाला तिकीट दाखवलं तेव्हा खोटं बोलले नाही, पण खरंही बोलले नाही. त्याबद्दल काय म्हणायचं ते म्हणा. पाया पडून माफी मागितली असती, पण मनात नसलेली माफी मागून काय उपयोग? तुम्ही मला वाईट वागवलं असं नाही. पण त्या घरात माझं आयुष्य टेबलावर ठेवलेल्या फोनसारखं होतं, कोणीही यावं आणि ऐकावं. इथे एका खोलीत चौघं आहोत. तरी मी नवऱ्याशी कुजबुजू शकते.

मला अजून भीती वाटते. पैसे पुरतील का, पाय नीट होईल का, भिंगरी आजारी पडली तर कोणाला विचारू. पण परवा ती दोन वर्षांची होतेय. आता तिला कोणी मांडीवर घालून परत नेऊ शकत नाही. आता तिला स्वतःची खुर्ची लागेल, आणि ती आम्ही घेऊ तेव्हा घेऊ.

तुमची सून


१५ जून

चि. सूनबाईस आशीर्वाद.

पत्र पोचलं. मालकीणबाई स्वतः येऊन देऊन गेली. शिवणकामाचं काहीतरी आहे असं तिने दारात सांगितलं. ती बाई खोटं छान बोलते.

तू परत येणार नाहीस हे मला मशीन गेलं त्याच दिवशी कळलं होतं. तीन आठवड्यांसाठी कोणी मशीन विकत नाही. मोठ्याच्या ते डोक्यात आलं नाही, त्याने कधी मशीनवर काम केलेलं नाही.

आता नीट ऐक. हे पत्र पोचल्यावर येत्या रविवारी तुम्ही फोन कराल तेव्हा मी तुला खूप बोलेन. फसवलंस म्हणेन, घराला काळिमा म्हणेन, आणखीही जे सुचेल ते म्हणेन. स्पीकर चालू असतो. तू गप्प ऐकून घे आणि मध्ये एकदा रड. त्याशिवाय मोठ्याचं समाधान होणार नाही आणि मला इथे राहायचंय.

त्याला सांग, पायाला तेल लावून रोज चाल. लाज बाजूला ठेव. लहानपणी हा झाडावरून पडला होता तेव्हाही मला न सांगता दोन दिवस लंगडत होता.

तुझ्या नणंदेला सांग, आई विचारत होती. एवढंच सांग. ती रडली तर लिहून कळव, नाही रडली तरी कळव.

फरशीवरचे ते चार डाग मी पुसलेले नाहीत.

काल चष्म्याची दांडी बदलायला बाजारात गेले होते. वर ते तिकिटाचं दुकान आहे. जिना फार उभा आहे, मध्ये दोनदा बसले. त्या बाईला अजून सर्दी आहे. मी तिला विचारलं, म्हाताऱ्या माणसाला भाड्यात काही सूट असते का? ती म्हणाली कधी जायचंय? मी म्हटलं, ज्या दिवशी स्वस्त असेल त्या दिवशी.

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, तुम्ही त्या काज-बटणवालीच्या कोण?

मी सांगितलं, सासू.

सासूबाई